भाडे पाहताना हिवाळ्याचा खर्च आणि धोकाही पाहा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी थंड प्रदेशात जाणाऱ्या मुलामुलींचा अभ्यासक्रम, शुल्क आणि शिष्यवृत्ती यांची चर्चा घरात होते, वर्तमानपत्रांतूनही होते. पण ही मुले तिथे राहणार कुठे, हा विषय बहुधा अगदी शेवटी निघतो आणि ‘भाडे किती?’ एवढ्या एकाच प्रश्नावर मिटतो. अशा मुलांसाठी खोल्या पाहण्याचे, त्यांचे भाडेकरार वाचून देण्याचे आणि पुढे उद्भवणाऱ्या तक्रारी निस्तरण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. त्यातून माझे एक ठाम मत बनले आहे. जिथे वर्षातले पाच-सहा महिने बाहेर गोठवणारी थंडी असते, तिथे नुसते भाडे ही घराची किंमत नव्हेच. भाडे आणि ते घर उबदार ठेवण्याचा खर्च मिळून ती ठरते. ज्या घरात ऊब महाग पडते तिथे मुले ती कशीबशी स्वस्तात मिळवू पाहतात, आणि जिवावर बेतणारे प्रसंग नेमके त्या धडपडीतून उद्भवतात. म्हणून परवडणारे घर शोधणे आणि सुरक्षित घर शोधणे ही दोन वेगळी कामे मानू नयेत, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी हिशेब पाहू. कमी भाड्याच्या खोल्यांत हीटिंगचा खर्च अनेकदा भाडेकरूच्या माथी असतो, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो किंवा येतच नाही. समजा, खोलीत मूळची व्यवस्था अपुरी आहे म्हणून एका विद्यार्थ्याने 1500 वॅटचा सुटा हीटर आणला आणि तो रोज दहा तास चालवला, तर दिवसाला 15 आणि महिन्याला 450 युनिट वीज केवळ त्या एका खोलीत जळते. हीटर तेलाचा असो, पंख्याचा असो वा तापलेल्या सळईचा, 1500 वॅट वीज घेऊन तो 1500 वॅटचीच उष्णता देतो. ‘कमी विजेत जास्त ऊब’ अशी जाहिरात करणाऱ्या महागड्या हीटरला भुलण्यात अर्थ नाही. याउलट हीटपंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणतो, त्यामुळे एक युनिट विजेत तो साधारण तीन युनिटांइतकी उष्णता देऊ शकतो, अर्थात कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण घटते. दोन घरांचे भाडे तुलनेला घेताना एकात भिंतीलगतचे विजेचे हीटर आहेत आणि दुसऱ्यात इमारतीचे सामायिक हीटिंग भाड्यातच धरलेले आहे, ही गोष्ट दुर्लक्षित राहिली, तर स्वस्त वाटलेले घर जानेवारीच्या बिलात महाग ठरते. मागील हिवाळ्याची डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीची बिले दाखवा, अशी मागणी घरमालकाकडे करण्यात काहीही गैर नाही. ती दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या घराबद्दल तेवढ्यावरूनच बरेच कळते.

खर्च कुठे वाढतो हे घराच्या रचनेवरून बऱ्यापैकी ओळखता येते. इमारतीच्या मधल्या मजल्यावरची, दोन्ही बाजूंना शेजार असलेली खोली सर्वांत कमी उष्णता गमावते. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीच्या दोन भिंती आणि छत थेट बाहेरच्या हवेला भिडलेले असतात, म्हणून तीच खोली तापवायला कितीतरी अधिक ऊर्जा लागते. जुनी एकेरी काच साध्या दुहेरी काचेच्या जवळपास दुप्पट उष्णता बाहेर सोडते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची खिडकी हिवाळ्यातले तिरपे ऊन आत घेते, तर उत्तरेकडच्या खिडकीत ते येतच नाही. हीटिंगचे नियंत्रण कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न तर हमखास राहून जातो: पाच जणांच्या घरात तापमान ठरवणारे बटण म्हणजे थर्मोस्टॅट जर एकाच्या बंद खोलीत असेल, तर उरलेल्या चौघांनी हिवाळाभर त्याच्या मर्जीवर राहायचे असा त्याचा अर्थ होतो.

खरी अडचण अशी की घर निवडले जाते उन्हाळ्याच्या अखेरीस आणि त्याची परीक्षा होते हिवाळ्यात. छायाचित्रांत खिडकीबाहेर हिरवीगार झाडे असतात, खोलीत छान उजेड असतो, आणि पाहायला गेलेल्या मुलांना थंडीचा विचारही शिवत नाही. तरीही सरलेला हिवाळा घरात आपल्या खुणा ठेवून जातो आणि डोळ्यांत तेल घालून पाहिले तर त्या दिसतात. खिडकीच्या लाकडी चौकटीचा खालचा भाग फुगलेला, रंग उडालेला किंवा बोटाने दाबल्यावर मऊ लागणारा असेल, तर तिथे हिवाळाभर काचेवरून पाणी ओघळत होते. चौकटीच्या कडेला चिकटपट्टीचे अवशेष दिसले, तर आधीच्या भाडेकरूने फटी बुजवण्यासाठी प्लास्टिक ताणून लावले होते, म्हणजे त्याला वारा सहन होत नव्हता. सगळी भिंत जुन्या रंगाची आणि फक्त बाहेरच्या भिंतीचा कोपरा नव्याने रंगवलेला असेल, तर त्या रंगाखाली काय होते, हे जरूर विचारावे. कपाट भिंतीपासून वीतभर ओढून मागे पाहावे आणि नाक तिथे नेऊन वास घ्यावा. ओलीचा कोंदट वास ऑगस्टमध्येही लपत नाही. आणि घर सोडून जाणाऱ्या मुलांच्या प्रत्येक खोलीत एकेक सुटा हीटर उभा दिसला, तर ‘हीटिंग उत्तम आहे’ हे घरमालकाचे वाक्य तिथल्या तिथे खोटे ठरते. जाणाऱ्या भाडेकरूला मालकाच्या गैरहजेरीत गाठून दोन मिनिटे बोलावे, असे मी प्रत्येक मुलाला सांगते. घरात स्वेटर घालून बसावे लागत होते का, रात्री झोपताना काय करावे लागत होते, बिघाड झाल्यावर दुरुस्तीला किती दिवस लागत होते, हे तीन प्रश्न विचारले की निम्मे चित्र स्पष्ट होते.

वारा असलेल्या दिवशी घर पाहण्याची संधी मिळाली तर ती दवडू नये. हातात पातळ कागदाची पट्टी धरून ती बंद खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवावी, दाराच्या उंबऱ्याशी न्यावी, बाहेरच्या भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटजवळ धरावी. पट्टी जिथे थरथरते तिथून हिवाळ्यात ऊब बाहेर जाणार आणि गारठा आत येणार. हीटिंग चालू करून दाखवा असे म्हणायला संकोच वाटू देऊ नये, मग बाहेर कितीही उकडत असो. रेडिएटर, म्हणजे खोली तापवणारा भिंतीलगतचा धातूचा संच, वरपासून खालपर्यंत सारखा तापतो का, प्रत्येक झोपण्याच्या खोलीत उष्णतेचे साधन आहे का, गरम पाणी यायला किती वेळ लागतो, हे दहा मिनिटांत कळते.

‘थोडी थंडी सोसली तर काय बिघडते, तरुण तर आहेत’ असे म्हणणारे पालक मला भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये घरांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंड ऋतूत घरातले तापमान किमान 18 अंश सेल्सिअस असावे असे म्हटले आहे, आणि ते सर्वसाधारण निरोगी माणसांसाठी. लहान मुले, वृद्ध आणि आजारी व्यक्तींना याहून अधिक ऊब लागू शकते. काही शहरांनी याचे कायदेच केले आहेत. न्यूयॉर्क शहरात 1 ऑक्टोबर ते 31 मे या काळात बाहेरचे तापमान 55 अंश फॅरनहाइटच्या खाली गेले, तर दिवसा घरात किमान 68 अंश फॅरनहाइट, म्हणजे 20 अंश सेल्सिअस, राखण्याची जबाबदारी घरमालकावर असते, आणि रात्री तर बाहेर काहीही असले तरी किमान 62 अंश फॅरनहाइट राखावे लागते. आपण ज्या गावी राहायला जाणार तिथे असा नियम आहे का, हे करारावर सही करण्यापूर्वी शोधावे. थंड घरात मुले पांघरूण सोडून टेबलाशी बसत नाहीत, आंघोळ टाळतात, रात्री ग्रंथालय बंद होईपर्यंत घरी परतत नाहीत, आणि घरी कळवताना मात्र ‘सगळे ठीक आहे’ असे सांगतात. हे सोसणे शौर्याचे मुळीच नाही.

थंडीच्या जोडीला ओल येते. थंड भिंतीवर घरातल्या हवेतले बाष्प साचते आणि तिथे काळी बुरशी धरते; ज्यांना दमा आहे त्यांना तिचा त्रास सर्वांत आधी होतो. एका खोलीत तिघे झोपत असतील, ओले कपडे रेडिएटरवर वाळत असतील आणि स्वयंपाकघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा बंद पडलेला असेल, तर चांगल्या भिंतीलाही बुरशी लागेल. घरातल्या हवेची सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर फार काळ राहू नये. एक लहानसा आर्द्रतामापक जवळ ठेवावा आणि दिवसातून एक-दोनदा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडून हवा बदलावी. दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवण्यापेक्षा यात उष्णता कमी वाया जाते.

आता ज्या गोष्टीसाठी मला सर्वाधिक कळकळ वाटते तिच्याकडे वळते. गॅस, तेल, लाकूड किंवा कोळसा जाळून तापणाऱ्या कोणत्याही घरात कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. सुरुवातीची लक्षणे अगदी मामुली वाटतात: डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, थकवा. मुलांना वाटते फ्लू झाला किंवा परीक्षेच्या जागरणाचा परिणाम आहे. पण घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच सकाळी दुखत असेल, ताप मात्र कोणालाच नसेल आणि बाहेर पडल्यावर तासाभरात बरे वाटत असेल, तर तो फ्लू नव्हे. अशा वेळी सर्वांनी तत्काळ घराबाहेर पडावे आणि बाहेरूनच आपत्कालीन सेवेला फोन करावा. खिडक्या उघडून आत थांबू नये, सामान घ्यायला परत जाऊ नये.

हिवाळ्यात हा धोका वाढतो तो आपल्याच उपायांमुळे. वारा येतो म्हणून मुले भिंतीतली हवेची जाळी कापड कोंबून बंद करतात, आणि ती जाळी नेमकी गॅसच्या उपकरणाला हवा मिळावी म्हणून ठेवलेली असते. हीटिंग बंद पडले की ओव्हन चालू करून त्याचे दार उघडे ठेवतात. वीज गेली की कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात, गॅरेजमध्ये लावतात. बर्फवृष्टीनंतर आणखी एक धोका असतो जो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: घर तापवणाऱ्या नव्या धर्तीच्या अनेक भट्ट्यांची धूर बाहेर सोडणारी नळी घराच्या बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर बाहेर काढलेली असते, आणि वाऱ्याने साचलेल्या बर्फाखाली ती गाडली गेली की विषारी वायू घरात परतू शकतो. ती नळी कुठे आहे हे घर घेतानाच विचारून ठेवावे आणि दर बर्फवृष्टीनंतर तिच्याभोवतीचा बर्फ काढावा. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2022 पासून, स्वयंपाकाच्या गॅसचा अपवाद सोडता, इंधन जाळणारे कायमस्वरूपी उपकरण असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणे घरमालकांना बंधनकारक आहे. कायदा असो वा नसो, झोपण्याच्या खोल्यांजवळ हा अलार्म असलाच पाहिजे, त्याचे बटण दाबून तो वाजतो का हे पाहिले पाहिजे, आणि त्याच्या मागे छापलेली मुदत वाचली पाहिजे, कारण त्याचा संवेदक काही वर्षांनी निकामी होतो. मालकाने दिला नाही तर स्वतः विकत घ्यावा. पहिल्या महिन्याच्या खरेदीत त्याचा क्रमांक गादीच्याही आधी लावावा. भट्टीची किंवा बॉयलरची वार्षिक तपासणी कधी झाली याचा कागद मागावा.

आगीबाबत दोन गोष्टी पुरेशा आहेत, पण त्या काटेकोरपणे पाळायला हव्यात. सुटा हीटर अंथरूण, पडदे आणि कपड्यांपासून किमान एक मीटर दूर असावा, तो भिंतीतल्या सॉकेटलाच जोडावा, एक्स्टेन्शन बोर्डाला कधीच नाही, आणि झोपण्यापूर्वी बंद करावा. दुसरी गोष्ट, झोपण्याच्या प्रत्येक खोलीतून बाहेर पडायला दोन वाटा हव्यात. स्वस्त म्हणून दिल्या जाणाऱ्या तळघरातल्या आणि पोटमाळ्यावरच्या खोल्या इथेच नापास होतात. तळघराची खिडकी छताशी असते, अरुंद असते, काही ठिकाणी तिला गज ठोकलेले असतात, आणि हिवाळ्यात तिच्याबाहेर बर्फाचा ढीग असतो. घर पाहताना ती खिडकी स्वतः उघडून पाहावी आणि त्यातून आपण बाहेर पडू शकू का, असा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर नकारार्थी असेल, तर भाडे निम्मे असले तरी ती खोली घेऊ नये. माझ्या लेखी या बाबतीत तडजोडीला जागा नाही.

भाडेकरारातल्या काही अटी थंडीशी थेट निगडित असतात. घरासमोरची वाट आणि पायऱ्या यांवरचा बर्फ कोणी काढायचा, हे लिहिलेले असावे. नाताळच्या सुट्टीत सगळे घर सोडून गेले आणि खर्च वाचवायला हीटिंग पूर्ण बंद केले, तर नळातले पाणी गोठते, गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, आणि फुटलेल्या नळांची भरपाई मुलांच्या अनामत रकमेतून वळती केली जाते. म्हणून रिकामे घरही साधारण 13 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये. सामायिक करारात एक जण मध्येच निघून गेला, तर त्याचा वाटा उरलेल्यांना भरावा लागू शकतो. घर न पाहता किंवा विश्वासू माणसाकरवी न दाखवून घेता पैसे पाठवू नयेत.

अंतराचाही विचार व्हावा. सप्टेंबरमध्ये वीस मिनिटांची असलेली पायवाट जानेवारीत निसरड्या बर्फावरून, अंधारात चालायची असते. 60 अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. उशिरापर्यंत चालणारी बस आणि उजेड असलेला रस्ता यांसाठी थोडे अधिक भाडे देणे हा मी वायफळ खर्च मानत नाही.

ज्यांनी घर आधीच घेतले आहे आणि जे आता कुडकुडत आहेत, त्यांनी तोंडी तक्रारीवर विसंबून राहू नये. खोलीच्या मध्यभागी, हीटरपासून दूर एक तापमापक ठेवून सकाळ-रात्रीच्या नोंदी कराव्यात, बुरशीची आणि गळतीची तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि घरमालकाला लेखी कळवावे. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी निवास कार्यालय किंवा मोफत कायदेशीर सल्ला असतो आणि बऱ्याच शहरांत घरांची तपासणी करणारा विभागही असतो. अशा नोंदी हाती असल्या की तिथे तक्रारीची दखल घेतली जाण्याची शक्यता वाढते. भाडे परस्पर थांबवण्याचा मार्ग मात्र सल्ला घेतल्याशिवाय पत्करू नये, नाहीतर आगीतून फुफाट्यात पडायची वेळ येते.

थंड प्रदेशातल्या महाविद्यालयांकडे माझी मागणी अशी आहे की, त्यांच्या निवास कार्यालयामार्फत ज्या खासगी घरांच्या जाहिराती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतात, त्या प्रत्येक जाहिरातीत मागील हिवाळ्यातले हीटिंगचे सर्वाधिक मासिक बिल, हीटिंगचा प्रकार, ते भाड्यात धरले आहे की नाही, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे की नाही, आणि झोपण्याच्या खोल्यांतून बाहेर पडण्याच्या वाटा किती, ही माहिती देणे सक्तीचे करावे. ज्या घराची ही माहिती मिळत नाही, त्याची जाहिरात स्वीकारू नये. प्रवेश निश्चित झाल्याचे पत्र जाते त्याच पाकिटात हे प्रश्न छापलेला एक कागद जावा, म्हणजे पालक आणि मुले घर शोधायला सुरुवात करतील तेव्हाच तो त्यांच्या हाती असेल. आपल्या वर्तमानपत्राने प्रवेशाच्या दिवसांत याच प्रश्नांची एक चौकट दरवर्षी छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक